शून्य नोंदींचे मोल : कोलारच्या खाणीतील स्पंदगणना

१९६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ कोलारच्या सोन्याच्या खाणीत वैश्विक किरणांतील म्युऑन मोजत होते. जसजसे खोल जावे, तसतशी नोंद कमी होत गेली. सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर तर दोन महिन्यांत एकही म्युऑन नोंदला गेला नाही. या शून्यातच पुढच्या प्रयोगाची दिशा दडलेली होती. इतक्या शांत जागी न्यूट्रिनोची चाहूल लागू शकली असती.

अडचण होती ती मोजणीची. शोधकातून कण गेला, की विद्युत स्पंद, म्हणजेच पल्स, उमटतो; परंतु खडकातील किरणोत्सर्ग आणि उपकरणातील उष्णताजन्य इलेक्ट्रॉन यांमुळेही तसेच स्पंद उमटतात. गणकयंत्राला खरा-खोटा हा भेद कळत नाही. यावरील उपाय वाल्थर बोथे आणि ब्रुनो रॉसी यांनी १९२० ते १९३० या काळात घडवला होता : अनेक शोधकांतून एकाच क्षणी आलेले स्पंदच ग्राह्य धरायचे. समजा, प्रत्येक शोधक सेकंदाला १०० खोटे स्पंद देतो आणि ‘एकाच क्षणी’ म्हणजे एका मायक्रोसेकंदाच्या आत. दोन शोधकांत असे योगायोग तासाला सुमारे ७२ घडतील. तिसरा शोधक जोडताच चार दिवसांत एखादाच.

१९६५ मध्ये २.३ किलोमीटर खोलीवर नवी मांडणी उभी राहिली. तिच्यात जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ व इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ सहभागी होते. प्रस्फुरक शोधक उभ्या भिंतींसारखे समोरासमोर रचले गेले. कारण तेथे क्वचित पोहोचणारे म्युऑन जवळजवळ सरळ वरून येत. आडवा येणारा म्युऑन मात्र खडकात न्यूट्रिनोनेच निर्माण केलेला असणार. दोन्ही भिंतींचे स्पंद जुळले, तरच मधल्या निऑन नळ्या उजळून कणाचा मार्ग दाखवीत. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची ही नोंद ऑगस्ट १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. दक्षिण आफ्रिकेतील खाणीत काम करणाऱ्या फ्रेडरिक राइनस यांच्या गटाचा शोधनिबंधही त्याच महिन्यातला.

आज कारखान्यातील नियंत्रकाला जोडलेले पल्स इनपुट मॉड्यूल प्रवाहमापकाचे स्पंद मोजते, तेव्हा प्रश्न तोच असतो. सेकंदाला १००० स्पंद येत असतील आणि प्रत्येक अर्धा मिलिसेकंद टिकत असेल, तर एक मिलिसेकंदाचा फिल्टर ते सगळेच गिळून टाकील. फिल्टर फारच लहान ठेवला, तर यांत्रिक स्विचच्या संपर्काची थरथरही मोजली जाईल. म्हणूनच पिळाची, आवरण असलेली तार मोटारींच्या वीजवाहिन्यांपासून दूर न्यावी लागते आणि ते आवरण सामान्यतः एकाच टोकाला भूसंपर्कित करावे लागते.

गणक प्रत्येक स्पंद निमूटपणे मोजतो. कोणता स्पंद त्याच्यापर्यंत पोहोचू द्यायचा, हे मात्र जोडणी करणाऱ्यालाच ठरवावे लागते. कोलारच्या शोधाचे यश याच निर्णयात होते.