नेपियर : भूकंपाने उचललेले लगून आणि जपलेले शहर



उन्हाळ्यात गाडी काढून नेपियरला जाऊन येणारी आपली बरीच कुटुंबे आहेत. मरीन परेडवर फोटो, आइसक्रीम, एखादी वायनरी, की परतीचा रस्ता! आम्हीही पहिल्या खेपेला एवढेच केले होते. पण या शहराचा इतिहास थोडा माहीत असेल तर तेच रस्ते वेगळे दिसतात. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

भूकंपापूर्वीचे नेपियर

एकेकाळी नेपियर जवळजवळ बेटच होते. मध्ये टेकडी, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मोठे लगून. लगून म्हणजे समुद्राला लागून असलेले उथळ, खारट पाण्याचे तळे. ओडिशातील चिल्का आपल्याला माहीत आहेच. इथल्या लगूनचे माओरी नाव ते फांगानुई-आ-ओरोतू. मासे, ईल, शिंपले यांवर इथल्या माओरी हापूंचा, म्हणजे कुळांचा, पिढ्यान्‌पिढ्या निर्वाह चाले. शहराला मात्र वाढायला जागा नव्हती. त्यामुळे दलदलीत भराव घालणे आधीपासूनच सुरू होते.

३ फेब्रुवारी १९३१

त्या दिवशी सकाळी १०.४७ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. विटांच्या इमारती आणि त्यांच्या दर्शनी भागावरची जड नक्षी रस्त्यावर कोसळली. पाठोपाठ आग लागली आणि पाण्याचे नळ फुटलेले असल्याने ती विझवता आली नाही. हॉक्स बे भागात २५६ माणसे मेली. न्यूझीलंडमध्ये भूकंपात एवढे बळी ना त्याआधी गेले होते, ना त्यानंतर गेले. बंदरात उभ्या असलेल्या 'व्हेरोनिका' या युद्धनौकेने बिनतारी यंत्रावरून बातमी कळवली आणि तिचे खलाशी मदतीला धावले.

त्याच वेळी जमीनही वर उचलली गेली, काही ठिकाणी तब्बल २.७ मीटर! लगूनचा तळ उघडा पडला. पुढे चर खणून, पाणी काढून तिथे शेती झाली. आज आपण ज्या विमानतळावर उतरतो, तोही पूर्वी लगून असलेल्या जागेवर आहे. मारेवा या उपनगराच्या नावाचा अर्थच मुळी 'समुद्रातून वर आलेले' असा आहे.

नवे शहर

दुकानदारांनी क्लाइव्ह स्क्वेअरमध्ये पत्र्याची तात्पुरती दुकाने थाटली. लोक त्याला 'टिन टाउन' म्हणत. रस्ते रुंद केले, तारा जमिनीखाली नेल्या. इमारती बुटक्या आणि सळईच्या काँक्रीटच्या बांधल्या. आर्ट डेको शैली सोयीची ठरली, कारण तिची नक्षी भिंतीवरच उथळ कोरलेली असते. ती कोणाच्या डोक्यावर पडत नाही आणि खर्चही कमी! जानेवारी १९३३ मध्ये पुनर्बांधणीचा आनंदोत्सव झाला, म्हणजे भूकंपाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

पाहण्यासारख्या इमारती म्हणजे डेली टेलिग्राफ (१९३२), अहुरिरीतील लुई हे यांची नॅशनल टोबॅको कंपनी (१९३३) आणि म्युनिसिपल थिएटर (१९३८). एमर्सन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची बँकेची इमारत (१९३२) चुकवू नका. तिच्या आतल्या छतावर माओरी नक्षी आहे.

आपल्या मुंबईशी नाते

ही शैली आपल्याला नवी नाही. मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदानाची पश्चिम बाजू, इरॉस, रिगल ही सारी त्याच काळातली. नेपियरच्या बँकेवर माओरी नक्षी, तसे फोर्टमधल्या न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या भिंतीवर भारतीय कष्टकरी कोरलेले आहेत. मुंबईत समुद्र माणसांनी भरून काढला, इथे तो भूकंपाने हटवला, एवढाच फरक. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. नेपियरचे नाव २००७ मध्ये न्यूझीलंडच्या संभाव्य यादीत घालण्यात आले.

जतन कोण करते?

काही जुन्या इमारती पाडल्या गेल्यावर लोक जागे झाले आणि १९८५ मध्ये आर्ट डेको ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टच्या पायी सहली आणि फेब्रुवारीतला महोत्सव प्रसिद्ध आहेत. पण खरे जतन रोजच्या वापरातून होते. या इमारतींत आजही दुकाने, कचेऱ्या, हॉटेले चालतात. भाडे येते तोवर मालकाला डागडुजी परवडते. भूकंपरोधक मजबुतीकरणाचा खर्च मोठा असतो, आणि नव्वदी ओलांडलेले काँक्रीटही आता म्हातारे झाले आहे.

आणि लगूनचे काय?

इमारती वाचल्या याचे कौतुक होते, ते योग्यच आहे. पण ज्यांची मासेमारी गेली त्यांचे काय? १८५१ च्या जमीन खरेदीत लगून विकलेच नव्हते, असे माओरी सतत सांगत आले. वैतांगी ट्रायब्यूनलने १९९५ च्या अहवालात ते मान्य केले. अहुरिरी हापूंच्या दाव्यांच्या तडजोडीचा कायदा २०२१ मध्ये झाला. उरलेल्या खाडीमुखाची देखभाल करण्यासाठी हापू आणि स्थानिक संस्थांची समिती त्यात आहे.

पाणीही आपली जागा विसरलेले नाही. सखल वस्त्यांतले पावसाचे पाणी पंपाने बाहेर काढावे लागते. ९ नोव्हेंबर २०२० ला एका दिवसात २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि घराघरांत पाणी शिरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळाने वीज आणि रस्ते तोडले. त्या वर्षीचा महोत्सव रद्द झाला.

तुम्ही जाणार असाल तर

* महोत्सवाच्या आठवड्यात राहण्याची सोय फार आधी करा.
* आधी पायी सहल घ्या, मग फोटो काढा. वर बघत चला, नक्षी दुकानांच्या पाट्यांच्या वर असते!
* एक सकाळ अहुरिरी खाडीमुखासाठी ठेवा. उन्हाळ्यात कुआका पक्षी दिसतात. आपल्या पाणटिवळ्याचे हे भाऊबंद थेट अलास्काहून उडत येतात.
* मुलांना विमानतळावर सांगा, 'इथे पूर्वी पाणी होते.' पुढचे प्रश्न तीच विचारतील.

आपण या देशात उशिरा आलो. इथल्या भिंती आपण बांधल्या नाहीत आणि इथले तळेही आपण गमावले नाही. पण आता इथे घर केले आहे, तर दोन्ही गोष्टी माहीत असायला हव्यात असे आम्हाला वाटते.