नवसाच्या गावाची शिरगणती

दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, आल्प्सच्या कुशीत, आमर नदीच्या काठी ओबरआमरगाउ हे लहानसे नगर वसले आहे. लोकवस्ती पाच हजारांहून थोडी अधिक. आपल्याकडील एखाद्या मोठ्या धर्मग्रामाएवढीच म्हणाना. दर दहा वर्षांनी प्रभू येशूच्या दुःखसहनाचे नाट्य सादर करणारे गाव म्हणून त्याची कीर्ती जगभर आहे. आम्हांला मात्र त्या नाट्याइतकेच तेथील शिरगणतीचे कुतूहल वाटत आले आहे. गावकरी कोणाला म्हणावे, हा प्रश्न इतक्या निष्ठेने आणि कधी कधी इतक्या कठोरपणे विचारणारे दुसरे गाव आमच्या पाहण्यात नाही.

जवळच एटालचा बेनेडिक्टाइन मठ आहे. त्याची स्थापना १३३० सालची. ऑग्सबर्गहून इटलीकडे जाणारा व्यापारी मार्ग याच खोऱ्यातून जाई. शेती बेताची आणि जंगल उदंड, म्हणून लोक लाकूड कोरू लागले. क्रूस, संतांच्या मूर्ती व खेळणी पाठीवर लादून येथील फेरीवाले दूरदूरचे देश पालथे घालीत.

तीस वर्षांच्या युद्धात सैन्यामागोमाग प्लेग आला. बाहेरगावी मोलमजुरी करणारा कास्पर शिसलर नावाचा गावकरी मंदिराच्या वार्षिक सणासाठी लपूनछपून घरी परतला व त्याच्याबरोबर रोगही गावात शिरला, अशी कथा आहे. ८४ माणसे दगावली असे परंपरा सांगते. तेव्हा, १६३३ साली, उरलेल्यांनी नवस केला, की दर दहा वर्षांनी आम्ही प्रभूचे दुःखसहन नाट्यरूपाने दाखवू. त्यानंतर एकही बळी गेला नाही, असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते.

चर्चच्या दफ्तरातील मृत्यूंची नोंद मात्र थोडी निराळे बोलते. मार्च १६३३ मध्ये मृत्यूंनी कळस गाठला होता आणि जुलैपर्यंत साथ ओसरत आली होती. आमच्या मते यामुळे नवसाचे मोल तसूभरही उणे होत नाही. वाचलेल्या माणसाची कृतज्ञता ही काही भेदरलेल्या माणसाच्या विनवणीपेक्षा हलकी नव्हे. आणि हे आज आपल्याला कळते ते त्या दफ्तरामुळेच. ट्रेंटच्या परिषदेने बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी सक्तीच्या केल्या. मृत्यूंच्या नोंदीचा नियम १६१४ च्या रोमन विधिग्रंथात आला. धर्मगुरूंच्या कचेरीतील जुन्या वह्यांकडे आपण सहसा ढुंकूनही पाहत नाही, म्हणून हे सांगितले.

पहिला प्रयोग १६३४ साली दफनभूमीतच, प्लेगने गेलेल्यांच्या थडग्यांवर, झाला. १६८० पासून प्रयोग दशकाच्या आरंभवर्षी होऊ लागले. १७७० साली राज्यकर्त्यांनी बंदी घातली. १८३० साली रंगमंच दफनभूमीतून हलला. पहिल्या महायुद्धानंतर १९२० चा प्रयोग १९२२ वर गेला आणि १९४० चा तर झालाच नाही.

यात भाग घेण्याचा हक्क कोणाला? ज्याचा जन्म गावात झाला किंवा जो वीस वर्षे तेथे राहिला, त्यालाच. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून हाकलले गेलेले अनेक जर्मन निर्वासित येथे आले व वस्ती वाढली; परंतु नवसात सामील होण्यासाठी त्यांना वर्षे मोजीत बसावे लागले. विवाहित तसेच पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना तर गावातच जन्मूनही मज्जाव होता. तो १९९० साली न्यायालयाने उठविला. मरियामातेची भूमिका करणारी स्त्री आई असू नये, या आग्रहामागील तर्क आम्हांला कधीच उमगला नाही.

याहून काळी बाजू यहुदी बांधवांविषयीची आहे. प्रभूच्या मृत्यूचा दोष संपूर्ण यहुदी जमातीवर लादणारे संवाद या नाट्यात दीर्घकाळ होते. १९३४ च्या त्रिशताब्दी प्रयोगास हिटलर प्रेक्षक म्हणून आला. चारच वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, याच गावात राहणाऱ्या, यहुदी कुळात जन्मलेल्या पण ख्रिस्ती झालेल्या एका संगीतकारावर हल्ला झाला व त्याला डाखाउच्या छळछावणीत नेण्यात आले. बाप्तिस्म्याच्या वहीतील नोंद त्याच्या कामी आली नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुद्यांवरील सामूहिक दोषारोप अमान्य केल्यावरही संहिता बदलण्यास गाव सहजी तयार झाले नाही. क्रिस्तिआन श्ट्युक्ल यांच्याकडे १९९० साली दिग्दर्शन आल्यानंतर ते काम नेटाने सुरू झाले, आणि २००० साली लोकसमुदायाचा तो रक्तशाप प्रयोगातून वगळण्यात आला.

प्लेगमधून जन्मलेले हे नाट्य २०२० साली महासाथीमुळेच पुढे ढकलावे लागले. ते २०२२ साली झाले, तेव्हा यहूदाच्या भूमिकेत तुर्की वंशाच्या मुस्लीम कुटुंबातील, गावातच वाढलेला तरुण होता. प्रयोगाच्या आदल्या वर्षी, राखेच्या बुधवारपासून, कलाकारांनी केस व दाढी वाढवायची असा दंडक आहे. त्यातून त्यालाही सूट नव्हती.

पुढील प्रयोग २०३० साली व्हावयाचा आहे. विसांच्या हिशेबाने २०१० पर्यंत येऊन स्थायिक झालेले त्यात उभे राहू शकतील. त्यानंतर आलेल्यांना थांबावे लागेल. त्यांची मुले मात्र, आमरच्या काठी जन्मली असतील तर, आईबापांच्या आधी रंगमंचावर पाऊल ठेवतील.