नियम झाला, तरी हिशेब चुकता झाला नाही
बेसबॉलमधला अलिखित कायदा: आमचा माणूस पाडलात, तर तुमच्या माणसावर चेंडू येणार.

१० ऑक्टोबर २०१५, लॉस एंजेलिस. एकदम दोन गडी बाद होऊ नयेत म्हणून डॉजर्सचा चेस अटली दुसऱ्या बेसजवळ घसरत थेट मेट्सच्या रुबेन तेहादाच्या अंगावर गेला. तेहादाचा पाय मोडला. अटलीवर दोन सामन्यांची बंदी आली, नंतर तीही उठली. २०१६ ला लेखी नियम झाला: घसरायचं ते बेसकडेच.

तरी त्याच मे महिन्यात मेट्सच्या नोआ सिंडरगार्डनं अटलीच्या पाठीमागून वेगवान चेंडू टाकलाच. पंचांनी त्याला तिथल्या तिथं बाहेर काढलं. अटलीनं त्याच सामन्यात दोन होमरन ठोकले!

मंडळी, झालेल्या इजेची शिक्षा माफ झाली की पुढचा नियम कितीही चांगला असो, माणसं हिशेब स्वतःच करायला बघतात.