मंदीतला पैसा आणि घरांच्या फटी

मंदी आली असता सरकारने तिजोरी उघडावी की आवळून धरावी, यावर या व्यासपीठावरून विद्वान अर्थशास्त्रज्ञांची व्याख्याने आपण ऐकली असतील. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटापुढे आणि नगरवाचनालयात. तेव्हा तत्त्वाच्या वाटेला आम्ही जात नाही. उघडलेल्या तिजोरीतला पैसा मजुराच्या हातात पडेपर्यंत वाटेत काय काय होते, एवढेच एका प्रकरणावरून पाहू. प्रकरण अमेरिकेतले, 2009 सालचे. परंतु त्याचे मूळ 1973 मध्ये आहे.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेचे तेल तोडले. आपण घराला झरोका ठेवतो तो वारा खेळता राहावा म्हणून. तिकडच्या थंड प्रांतांत हाच वारा घरमालकाचा वैरी. दाराखिडक्यांच्या फटींतून ऊब निघून जाते आणि भट्टीत तेल किंवा गॅस जळतच राहतो. श्रीमंताला त्याचे काही वाटत नाही, गरिबाचे मात्र निम्मे लक्ष बिलाकडे. 1975 च्या कायद्याने राज्यांना ऊर्जाबचतीच्या योजनांसाठी केंद्राची मदत सुरू झाली आणि 1976 मध्ये गरिबांची घरे दुरुस्त करून देण्याची योजना निघाली. तिला तिकडे ‘वेदरायझेशन’ म्हणतात. फटी बुजवावयाच्या, पोटमाळ्यात व भिंतींत उष्णतारोधक थर भरावयाचा, भट्टी ठीक करावयाची, असे काम. आरंभीच्या काळात तर खिडकीवर प्लास्टिकचा कागद ताणून बसविण्यापर्यंतच मजल होती, आणि मजूर येत ते स्वयंसेवक म्हणून किंवा बेकारांसाठी असलेल्या दुसऱ्याच एका योजनेतून. सामान एका खात्याचे, माणसे दुसऱ्या खात्याची! या कामाला स्वतःचा असा मजूर आरंभापासून नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

मधल्या काळातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेलाच्या किमतींवर नियंत्रण होते तेव्हा काही कंपन्यांनी जादा दर लावले. कज्जे झाले, आणि 1986 मध्ये एकट्या एक्झॉन कंपनीला सुमारे 2.1 अब्ज डॉलर परत करावे लागले. ज्याने पंपावर चार पैसे जास्त दिले असा एकेक गिऱ्हाईक शोधणार कोण? म्हणून ती रक्कम राज्यांना ऊर्जेच्या कामांसाठी वाटण्यात आली. टेक्सास राज्याने अशा पैशांतून 1988 मध्ये सुमारे 98 दशलक्ष डॉलरचा ‘लोनस्टार’ नावाचा निधी उभारला. शाळा, विद्यापीठे, सरकारी कचेऱ्या यांना दिवे व यंत्रे सुधारण्यासाठी कर्ज द्यावयाचे, बिलात जी बचत होईल तीतून ते फेडून घ्यावयाचे आणि तोच पैसा दुसऱ्याला द्यावयाचा. आपल्या पतपेढीसारखाच हा व्यवहार. ती रक्कम पुढे कित्येक वर्षे फिरत राहिली.

आता 2009 कडे येऊ. आदल्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पेढ्या कोसळल्या होत्या. वर्ष संपण्यापूर्वी बेकारी 10 टक्क्यांवर गेली आणि 2010 च्या आरंभी बांधकामाच्या धंद्यात तर 20 टक्क्यांच्याही वर. अध्यक्ष ओबामा यांनी 17 फेब्रुवारी 2009 रोजी डेन्व्हर शहरी 787 अब्ज डॉलरच्या कायद्यावर सही केली. त्यातले 5 अब्ज घरदुरुस्तीला, 3.1 अब्ज राज्यांच्या ऊर्जा कार्यक्रमांना, आणखी 3.2 अब्ज मुख्यतः शहरे व काउंट्यांना. आदल्या साली घरदुरुस्तीला जेमतेम पावणेतेवीस कोटी डॉलर मिळाले होते. म्हणजे एका सहीने वीसपटीहून अधिक! सुमारे सहा लाख घरांचा संकल्प सोडण्यात आला.

आणि वर्ष झाले तरी पैसा हलेना. ऊर्जा खात्याच्या महानिरीक्षकाने फेब्रुवारी 2010 मध्ये अहवाल दिला की, घरदुरुस्तीच्या रकमेपैकी आठ टक्केही उचलली गेलेली नाही. वर्तमानपत्रांनी लगेच आरोपी शोधला : मजुरीचा कायदा. येथे आमच्यासारख्याचे कान टवकारले.

हा कायदा 1931 चा, डेव्हिस आणि बेकन या दोघांच्या नावाचा. केंद्राच्या पैशाने बांधकाम असेल तर त्या भागात प्रचलित असलेल्या दरापेक्षा कमी मजुरी देता येत नाही. त्याचा जन्म मात्र निर्मळ नव्हता. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी रॉबर्ट बेकन यांच्या मतदारसंघात माजी सैनिकांसाठी इस्पितळ बांधावयाचे होते. त्या कामावर अलाबामाच्या कंत्राटदाराने दक्षिणेतून स्वस्त मजूर, तेही बहुधा कृष्णवर्णीय, आणले. 1927 पासून बेकन यांनी विधेयके मांडली, आणि त्या चर्चांत मजुरीच्या काळजीबरोबर वर्णद्वेषही पुरेसा होता. कामगार चळवळीतले आम्ही लोक या कायद्याची थोरवी सांगतो तेव्हा हे गिळून टाकू नये.

2009 पूर्वी घरदुरुस्तीच्या योजनेला हा कायदा लागू नव्हता. तो प्रथमच लागला आणि कामगार खात्यापुढे प्रश्न उभा राहिला : फटी बुजविणारा हा माणूस कोण? सुतार? गवंडी? बिगारी? अशा मजुराचा दर कोणत्याच कोष्टकात नव्हता. देशातील तीन हजारांवर काउंट्यांचे दर ठरविता ठरविता सप्टेंबर उजाडला. मध्यंतरी, काम सुरू करा, दर ठरल्यावर फरक चुकता करा, असेही सांगण्यात आले होते. तरी पुष्कळ राज्ये स्वस्थ बसली. आम्हांला हे नवे नाही. उमेदीच्या काळात एका गावच्या सफाई कामगारांसाठी आम्ही भांडत होतो. कंत्राटदार म्हणे, नवा दर यावयाचा आहे. आम्ही म्हणालो, जुन्याने द्या, फरक मागाहून द्या. सात महिने त्याने कागदाची वाट पाहिली, आणि सात महिने बायका उधारीवर जगल्या.

शिवाय त्याच अहवालात दुसरीही कारणे होती, ती मथळ्यांत आली नाहीत. मंदीने राज्यांचीच तिजोरी रिती झालेली. नोकरभरती बंद. कॅलिफोर्नियात सरकारी नोकरांना महिन्यातून दोन, पुढे तीन दिवस बिनपगारी घरी बसविले जात होते. म्हणजे बेकारी हटविण्याचा पैसा आला, तेव्हा तो वाटणारा कारकूनच अर्धवट बेकार!

राज्यांच्या ऊर्जा कार्यक्रमाच्या पैशाला निराळी अट होती. इमारती बांधताना ऊर्जाबचतीचे नियम पाळले जातील आणि वीज कमी खपली म्हणून वीजकंपनीचे नुकसान होऊ नये अशी दररचना करण्याचा प्रयत्न होईल, असे राज्यपालाने लिहून द्यावयाचे. ही दुसरी अट आम्हांला फार शहाणपणाची वाटते. माल खपविण्यावर ज्याचे पोट, तो बचतीचा प्रचार कशाला करील? परंतु अलास्काच्या राज्यपाल सारा पेलिन यांनी केंद्राचे नियम नकोत म्हणून 2.86 कोटी डॉलर नाकारले. ऑगस्ट 2009 मध्ये तेथील विधिमंडळाने त्यांचा नकार फिरविला. लागत होती 45 मते, पडली नेमकी 45. पेलिन बाईंनी तत्पूर्वीच पद सोडले होते.

पुढे कामाने वेग घेतला, आणि 2011 च्या अखेरीस सहा लाख घरांचा टप्पा ओलांडला गेला. वेगाबरोबर घाई आली. इलिनॉय राज्यात तपासनिसांनी पाहिलेल्या 15 घरांपैकी 12 घरांचे काम पसंतीस उतरले नाही. मिशिगनमधील तीस हजारांवर कुटुंबांचा अभ्यास फाउली, ग्रीनस्टोन व वुल्फ्राम या अर्थशास्त्रज्ञांनी केला : खर्च झाला तो वाचलेल्या इंधनाच्या किमतीच्या सुमारे दुप्पट, आणि बचत झाली ती इंजिनियरांच्या अंदाजाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. ओक रिज येथील सरकारी प्रयोगशाळेने आरोग्याचा लाभ हिशेबात धरून उलट निष्कर्ष काढला. आम्हांला दोन्ही खरे वाटतात. आजारी म्हातारी उबेत झोपली, याची नोंद गॅसच्या मीटरवर होत नाही. पण मीटर खोटा म्हणूनही चालणार नाही.

मग पैसा संपला. 2012 सालासाठी घरदुरुस्तीला मंजुरी मिळाली ती 6.8 कोटी डॉलरची, म्हणजे 2008 च्याही तिसऱ्या हिश्श्याहून कमी. दर ठरविण्यात एक उन्हाळा गेला, माणसे शिकविण्यात एक वर्ष. आणि काम हातात बसते न बसते तोच मजूर घरी. तिकडच्या बिगारी कामगारांच्या मोठ्या युनियनने या लोकांची संघटना बांधण्याचा प्रयत्न केला होता. पण कामच आटले तर सभासद कुठून राहणार? टेक्सासचा जुना निधी फिरत राहिला, कारण तो परत येत होता. गरिबाच्या घरावरचा पैसा कर्ज म्हणून देता येत नाही, तो परत येणार नाहीच. म्हणून तो दर साली थोडा थोडा यावयास हवा होता, पुरासारखा नव्हे.

नोव्हेंबर 2021 मध्ये पायाभूत सोयींच्या नव्या कायद्याने या योजनेला पुन्हा 3.5 अब्ज डॉलर मिळाले. या खेपेस एक सुधारणा झाली : संपेपर्यंत रक्कम वापरता येईल, ठराविक सालाची मुदत नाही. मजुरीचा नियमही घातला, परंतु पाच किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतींपुरताच. एकट्या घराच्या पोटमाळ्यात, नाकाला फडके बांधून, उताणा पडून थर भरणारा मजूर त्यातून वगळला गेला. किमान वेतन सोडले तर त्याचा दर पुन्हा कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे.