तळटीप : ‘२५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर’

लेखकाने इथे क्षमता दिली आहे, प्रवाह नाही. बंगळुरूत पदपथालगत दोन खांबांवर बसवलेल्या अशा ट्रान्सफॉर्मरमध्ये ११,००० व्होल्टने वीज शिरते आणि ४३३ व्होल्टने बाहेर पडते. २,५०,००० व्होल्ट-अँपिअरला ४३३ आणि १.७३२ (तीनचे वर्गमूळ) यांच्या गुणाकाराने भागले की सुमारे ३३३ अँपिअर येतात. हा आकडा प्रत्येक फेजचा; त्याची तिप्पट करू नये. उच्चदाबाच्या बाजूला तोच हिशेब जेमतेम १३ अँपिअर देतो, म्हणून वरच्या तारा बारीक आणि खाली उतरणाऱ्या केबली मनगटाएवढ्या जाड. (दाब वाढवून प्रवाह कमी करण्याच्या याच युक्तीने शिवनसमुद्रची वीज १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली; बंगळुरूला ती १९०५ मध्ये मिळाली.) क्षमता किलोवॉटमध्ये सांगत नाहीत, कारण गुंडाळी तापते ती प्रवाहाने, पॉवर फॅक्टर कितीही असो. शिवाय बहुतेक घरांना एकच फेज दिलेली असते. त्यामुळे एकूण भार २५० केव्हीएच्या आत असूनही एखादी फेज ३३३ अँपिअर ओलांडते. बेरजेवर विसंबू नये; तिन्ही फेजना क्लॅम्प मीटर लावून वेगवेगळे मोजावे, तेही संध्याकाळच्या ऐन भाराच्या वेळी.