मांडीवरचा लेक

रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये संगमरवराची एक मूर्ती आहे, ‘पिएता’. क्रुसावरून उतरवलेला येशू आई मेरीच्या मांडीवर. मायकेलअँजेलोनं ती १४९९ च्या सुमारास घडवली, तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता. स्वतःची आई तो सहा वर्षांचा असतानाच गेलेली. त्याची मेरी मात्र लेकाहून तरुण दिसते! लोकांनी तेव्हाही नावं ठेवली.

स्पेनचा साल्वादोर दाली स्वप्नात दिसावं तसं रंगवणारा. १९८२ मध्ये त्यानं हीच मायलेकरं रंगवली. दोघांच्या देहांत त्याच्या समुद्रकाठचे खडक मिसळले. दुःखानं माणूस दगड होतो म्हणतो ना आपण, ते इथं डोळ्यांना दिसतं. त्याच वर्षी जूनमध्ये दालीची बायको गाला वारली. कितीतरी चित्रांवर तो तिचं नाव जोडून सही करायचा.