भट्टीपुढचा उमेदवार

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघे या गावचा एखादा तरुण आज शहरातील उपाहारगृहात नोकरीला लागतो, तेव्हा कढई काही सुरुवातीलाच त्याच्या हाती येत नाही. कांदे सोलणे, सांबार निवडणे, गंज घासणे, कोपरात कणीक तिंबून ठेवणे आणि वस्तादाने हात पुढे करण्यापूर्वीच झारा त्याच्याजवळ नेऊन ठेवणे, अशी काही महिन्यांची उमेदवारी पार पडल्यावर मग आलूबोंड्यांचा एखादा घाणा त्याच्या भरवशावर सोडला जातो. हा क्रम कोणत्याही दप्तरात नमूद नसला तरी कसोशीने पाळला जातो, आणि त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही, कारण तेलाचा ताव डोळ्यांनी ओळखण्याची विद्या दुसऱ्या कोणत्या मार्गाने येत असेल, असे दिसत नाही. परंतु या उमेदवारीच्या आधी एक उंबरठा आहे. भट्टीपुढे उभे राहण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचे उत्तर याच परिसरात गेल्या शतकात ज्या रीतीने बदलले, त्याचा वृत्तांत आपल्याकडे फारसा कोणी लिहून ठेवलेला नाही.

मालगुजारीच्या काळात खेड्यात पगारी स्वयंपाक ही वस्तूच विरळ होती. लग्नकार्याला आचारी येई. देवस्थानाच्या पंगतीला गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले जात, सोबत वांग्याची भाजी शिजे, आणि ही कामे गावातील जाणती माणसे करीत, ज्यांच्याशेजारी बसून पोरे विस्तवाचा अंदाज शिकत. त्यात वेतन नव्हते, मात्र कणकेला आणि पाण्याला कोणाचा हात लागावा याचा बंदोबस्त पक्का होता. पुढे 1862 साली वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला, 1866 साली पालकवाडीच्या जागी नवे शहर वसविण्यात आले, आणि रेल्वे, कापसाचा बाजार व कचेऱ्या यांच्यामागोमाग घरापासून दूर राहणारे कारकून, पक्षकार आणि अडत्यांचे गुमास्ते आले. अशा परगावच्या माणसांच्या पोटासाठी त्या काळी गावोगावी खानावळी निघाल्या. पण खानावळीच्या पाटीवर मालकाच्या नावाआधी त्याची जात लिहिण्याची चाल महाराष्ट्रभर होती, त्यामुळे स्वयंपाक्याची पहिली पात्रता त्याच्या हातात नव्हे, त्याच्या जन्मात पाहिली जाई. ज्याच्या हाताला उत्तम चव असेल पण ज्याचा स्पर्श निषिद्ध मानला जाई, अशा किती माणसांना चुलीपर्यंत पोहोचताच आले नाही, याची नोंद कोणत्याही गॅझेटियरात सापडणार नाही.

या व्यवस्थेला जो धक्का बसला तो वर्ध्यातच, आणि तोही एका स्वयंपाकघरातून बसला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. 1934 च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे ठाणे पडले. तेथे राहावयास आल्यावर गांधीजींनी हातसडीचा तांदूळ, सोयाबीन, कडुनिंबाचा पाला, चिंच अशा पदार्थांचे प्रयोग सामुदायिक रसोड्यात चालविले, त्यांचा तपशील ‘हरिजन’ पत्रातून प्रसिद्ध केला, आणि आहार हा ग्रामोद्योगाचाच विषय ठरविला. याच मगनवाडीतून धुरापासून सुटका करणारी मगन चूल पुढे आली. 1936 च्या एप्रिलात गांधीजी शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, गेले. तेथील रसोड्यात शरीरश्रम, अस्वाद आणि स्पर्शभावना ही तीन व्रते एकाच वेळी कसाला लागत. पदवीधर असो वा परदेशी पाहुणा, भाजी चिरणे, धान्य निवडणे आणि भांडी घासणे हे त्याच्या वाट्याला येई, आणि त्या कामात जातीचा विधिनिषेध नव्हता. मसाल्याविना उकडलेली ती भाजी पुष्कळांना रुचत नसे, आणि मलाही पाककलेच्या दृष्टीने तिचे समर्थन करता येणार नाही. परंतु अनभ्यस्त माणसाच्या हाती प्रथम विळी देणारे, आणि त्या कामाने त्याची प्रतिष्ठा घटत नाही हे रोजच्या घंटेबरोबर सिद्ध करणारे ते स्वयंपाकघर होते. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम उदयास आली, तेव्हा सेवाग्रामच्या शाळेत मुले स्वतःचे स्वयंपाकघर चालवून त्याच्या हिशेबातून गणित आणि शिध्यातून आहारशास्त्र शिकू लागली.

कायदा मागाहून आला. मुंबई इलाख्याने 1939 साली दुकाने व उपाहारगृहे यांतील कामाचे तास बांधून देणारा अधिनियम केला. मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे वर्ध्याला, तसा अधिनियम 1947 साली मिळाला. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने उपाहारगृहाचे दार जेवणाऱ्यासाठी उघडले, आणि 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने धंदा करण्यात आणलेला अडथळाही गुन्हा ठरविला. उपाहारगृहातील पोऱ्या मात्र या साऱ्या अंमलात दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. ढाबे, हॉटेले, चहाच्या टपऱ्या यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्याची मनाई 10 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाली, तोपर्यंत या व्यवसायातील बहुतेक वस्तादांची उमेदवारी बालपणीच उरकलेली होती.

दरम्यान मुंबईत लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने 1954 साली पाकव्यवस्थेचे शिक्षण देणारी संस्था निघाली, आणि फ्रेंच पाकतज्ज्ञ एस्कॉफिएने युरोपातील मोठ्या हॉटेलांत लष्करी शिस्तीवर उभारलेली श्रमविभागणी, म्हणजे एकाने केवळ रस्से, दुसऱ्याने केवळ भाजणे, तिसऱ्याने केवळ गोड पदार्थ सांभाळावे ही पद्धत, आपल्याकडे अभ्यासक्रमात शिरली. तेथून बाहेर पडणाऱ्याजवळ प्रमाणपत्र असते. वर्ध्याच्या भट्टीपुढे तयार झालेल्या कारागिराजवळ, त्याची तर्री कितीही सरस असो, पुढच्या मालकाला दाखविण्यासारखा कागद सहसा नसतो. त्याची सारी लायकी पहिल्या मालकाच्या तोंडी शिफारशीवर अवलंबून राहते, आणि ती शिफारस देणे वा न देणे हे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर असते. ज्या जिल्ह्याने विळी आणि पाटी यांच्यामधील भिंत एकदा पाडून दाखविली, त्या जिल्ह्यातील शाळांनी आणि हॉटेलमालकांच्या संघटनांनी एकत्र येऊन या उमेदवारांच्या शिकण्याची रीतसर नोंद ठेवावी आणि त्यांना तसा दाखला द्यावा, ही मागणी अवास्तव म्हणता यावयाची नाही.